सरांच्या मान्वारचं मोठं दार

कुठल्याही घरात शिरलं की आमचे सर आधी भिंतीवर बोटांनी टकटक करायचे. मग वर आढ्याकडे बघायचे. यजमान पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभा असला तरी त्याला विचारायचे, "जेवण कुठं शिजते तुमच्याकडं?" लोकांना वाटायचं, गुरुजींना भूक लागली. बिचाऱ्या बायका घाईघाईनं पोहे भिजवायच्या. पोहे सर खायचे, नाही असं नाही, पण त्यांचा प्रश्न पोह्यांचा नसायचाच. चूल कुठे आहे, धूर कुठून जातो आणि चुलीजवळ कोण बसतं, एवढं पाहिलं की त्या घरात कोणाचं किती चालतं ते समजतं, असं त्यांचं म्हणणं. माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा स्वयंपाकघरात डोकावून म्हणाले, "बाई, इथं तुमचं चालते." आमचे हे त्यानंतर कितीतरी दिवस सरांशी नीट बोलले नाहीत.

आमची शाळा जैनथच्या बाजूला, पैनगंगेच्या अलीकडे. नदी ओलांडली की महाराष्ट्र, आणि आम्ही तेव्हाच्या आंध्र प्रदेशात. पोरं घरी मराठी बोलायची, बाजारात तेलुगू, आणि तपासणीला साहेब आला की सगळी शाळा हिंदीत घाबरायची. मी गणित शिकवायची, सर सामाजिक शास्त्र. मी वांकिडीची, जिभेनं जरा तिखट. सर अगदी थंड माणूस, फक्त एका विषयावर उकळायचे. तो विषय म्हणजे फ्रान्समधल्या मध्ययुगीन जमीनदाराचं घर. हसू नका. माझं हसून झालेलं आहे.

आदिलाबादच्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना एक जाड इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. कव्हर नाही, पुढची पानं उंदरांनी खाल्लेली. त्यात फ्रान्सच्या पश्चिमेकडल्या कुठल्याशा गावातल्या एका जुन्या घराचे नकाशे आणि चित्रं होती. तिकडे असल्या घराला मान्वार म्हणतात. सर हा शब्द इतक्या मायेनं उच्चारायचे की नवख्याला ते त्यांच्या मावशीचं गाव वाटावं. मांडीवर डिक्शनरी घेऊन त्यांनी ते पुस्तक वाचलं, संपलं की पुन्हा पहिल्यापासून वाचलं. फ्रान्स तर सोडाच, सर कधी हैदराबादच्या पुढेही गेले नव्हते.

"मान्वार म्हणजे महाल नोहे, बाई," ते मला सांगायचे. मी वह्या तपासत असले तरी सांगायचे. "अन किल्ला बी नोहे. निर्मलचा किल्ला पाह्यला ना तुमी? तो फ्रेंच लोकाईनं बांधला म्हणतात. पण तो तोफांच्या हिशोबानं बांधेल हाय. मान्वार म्हणजे शेतावरचं घर. धनी लहानसाच, पण ऐट मोठी. कोपऱ्यावर बुरूज, अन खिडकीखाली शेणाचा उकिरडा!"

उकिरडा म्हणताना त्यांचा चेहरा फुलायचा. मग पुढची गोष्ट यायची, आणि आवाज खाली जायचा. त्या घरात सुरुवातीला एकच मोठी खोली असे. मधोमध जाळ, धूर वर छपरातून जाणार. धनी, त्याची बायको, नोकर, गुराखी, सगळे तिथेच जेवत, रात्री बहुतेक तिथेच पडत. मग भिंतीत धुराडं बांधायची विद्या आली. वेगळी खोली उबदार करता यायला लागली. "मंग धनी उठला बाई, अन त्या खोलीत गेला. अन त्यानं दार लावून घेतलं." घरातलं कोणी गेल्यासारखं सर हे सांगत. मी लाल पेन बाजूला ठेवून ऐकत बसायची.

पाठ्यपुस्तकात युरोपातली सरंजामशाही अर्ध्या पानात संपत होती. सरांकडे ती दिवाळी ते संक्रांत चालायची. कबड्डीसाठी आणलेल्या चुन्यानं ते मैदानावर अख्खा मान्वार आखायचे, इकडे कोठार, तिकडे भटारखाना, मधे अंगण, आणि अंगणाच्या भिंतीला शेजारी शेजारी दोन दारं. एक मोठं, गाडी जाईल असं. एक लहान, पायी येणाऱ्यांसाठी. मग पोरांना आत सोडायचे. पोरं सगळी मोठ्या दाराकडे धावायची.

"थांबा! यातलं मोठं दार कोणतं?"

"उंच हाय ते, सर!"

"चूक. घराचा धनी ज्यातून जाते, ते मोठं दार. उंचीचा काही संबंध नाही."

दरवर्षी हाच प्रश्न, दरवर्षी हेच उत्तर. हेडमास्तर व्हरांड्यातून बघायचे. चांगला उंचापुरा, पोट सुटलेला माणूस, जैनथच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, बोलायला मोठा गमत्या. ते मला म्हणायचे, "बाई, जरा विचारा तुमच्या सरांना. पोरं परीक्षेपर्यंत फ्रान्सहून वापस येतीन ना?" पण त्यांनी सरांना कधी अडवलं नाही, हे सांगायला हवं. पोरं त्या अर्ध्या पानावर कधी नापास झाली नाहीत. बाकीच्या पानांचं बोलू नये.

खोट्या गोष्टींचा सरांना भारी राग. एकदा तपासणीला आलेल्या एका साहेबानं, आपल्यालाही कळतं हे दाखवायला, सांगितलं की किल्ल्यातला गोल जिना उजवीकडे वळतो तो तलवार चालवता यावी म्हणून. सर ताडकन उभे राहिले. "कोनं सांगतलं साहेब? डावे बी जिने हायेत. ज्या गवंड्याले जसं जमलं तसा त्यानं बांधला. तलवारीची गोष्ट लोकाईनं मागून जोडली." साहेबाचा चहा घशात अडकला. हेडमास्तरांनी डोक्याला हात लावला. त्या वर्षी सरांची वेतनवाढ लटकली, आणि सर म्हणाले, "लटकू द्या, पण जिना सरळ झाला ना."

मी एकदा विचारलंच. डबे खात होतो. "सर, आपल्या गावात देशमुखाची गढी असताना तुमचं मन काऊन फ्रान्सात रमते? दगड इथं बी हाय, बुरूज इथं बी हाय."

सरांनी भाकरी खाली ठेवली. त्यांचे वडील त्या गढीवर सालदार होते, वर्षभराच्या बोलीवर राबणारे. माय गढीचं बाहेरचं अंगण झाडायची, शेण काढायची. देशमुखांची माणसं कधीच शहरात निघून गेली होती, गढीला कुलूप होतं, बुरुजात कबुतरं होती. पण सरांच्या लहानपणी ती भरलेली होती. "आमच्या मायले अंगणाच्या पुढं पाय टाकाची परवानगी नव्हती, बाई. मी तर भिंतीच्या बाहेरच खेळत राहो. आत काय हाय, जिना कसा हाय, चूल कुठं हाय, काहीच मालूम नाही. माय सांगू शके ना, तिनं बी पाह्यलं नव्हतं. मंग हे पुस्तक भेटलं. त्यात नकाशा उघडला का मी सीधा चुलीपाशी. कोणी म्हणत नाही, कोण रे तू?"

मी विषय बदलला. मला रडायला येत होतं, आणि शाळेत रडणं मला आवडत नाही.

मग सरांनी घर बांधायला काढलं, आणि गावानं तोंडात बोटं घातली. गावाच्या कडेला, दगडी, कौलारू, मान्वारच्या नकाशाबरहुकूम. पुरं तसं नाही, खिशाला झेपेल तेवढं. अंगणाभोवती भिंत, तिच्या कोपऱ्यावर एक लहानसा बुरूज. समोर दोन पायऱ्या चढून एकच लांब खोली, वर सागवानी तुळया उघड्या, आणि पलीकडच्या टोकाला भिंतीत जाळाची जागा. आमच्याकडे उन्हाळ्यात दगडावर पापड भाजावेत अशी स्थिती, तिथे हा माणूस घरात धुराडं बांधतो! पण पौषातली आदिलाबादची थंडीही ज्यानं सोसली आहे तोच जाणतो. भटारखाना आगीच्या भीतीनं घरापासून वेगळा, अंगणाच्या त्या टोकाला. सरांच्या बायकोला गरम भाजी घेऊन अख्खं अंगण ओलांडावं लागणार होतं. "तुमचा फ्रान्स जळो," त्या म्हणायच्या, आणि सर गंभीरपणे उत्तर द्यायचे, "म्हणूनच तर वेगळा ठेवला."

गवंडी निर्मलकडचा, तेलुगू बोलणारा. दर हातभर बांधकाम झालं की तो नकाशाकडे बोट दाखवून विचारायचा, "इदि एंदुकु, सार?" म्हणजे हे कशाला. सर त्याला तेलुगूत अख्खा इतिहास सांगायचे. भिंतीत कबुतरांसाठी खोबणी ठेवली, तेव्हा त्यानं थापीच खाली टाकली. सरांनी सांगितलं की तिकडे कबुतरं पाळायचा हक्क फक्त धन्याला असायचा, रयतेच्या शेतातलं धान्य खाऊन ती माजायची, तरी कोणी त्यांना हात लावायचा नाही. भिंत वाळते न वाळते तोच गढीवरची कबुतरं उडत इकडे राहायला आली. सर इतके हसले की मेस्त्रीही हसायला लागला.

आणि भिंतीला शेजारी शेजारी दोन दारं, मैदानावर असायची तशीच. एक उंच कमानीचं. एक माझ्या खांद्याइतकं. मी म्हटलं, "सर, लहान दार कशाले? तुमच्याकडं कोण गाडीवाले अन कोण पायी?"

"नकाशात हाय ना, बाई. दोन दारांशिवाय मान्वार नाही."

नकाशापुढे मी हात टेकले. मला मनातून एवढंच कळलं होतं की हे सगळं एका गोष्टीसाठी चाललं आहे. जाळाच्या शेजारी, खोलीच्या वरच्या अंगाला, सरांनी एक रुंद दगडी बैठक बांधून घेतली होती. धन्याची जागा. तिथे त्यांना माय बसवायची होती. "माय त्या मोठ्या दारानं येईन, पायऱ्या चढन, अन तिथं बसन. मंग हे घर झालं म्हणाचं." माय तेव्हा खूप थकलेली होती. आयुष्यभर वाकून झाडल्यामुळे पाठ अशी वाकली होती की तोंड जमिनीकडे असायचं. ती गावातल्या जुन्या झोपडीत राहायची, आणि घर पुरं होईपर्यंत तिला इकडे आणायचं नाही असं सरांनी ठरवलं होतं. तिला एकदम दाखवायचं होतं.

प्रवेशाच्या दिवशी सगळं गाव आलं. बुद्धवंदना व्हायची होती, खिरीचं पातेलं भटारखान्यात तयार होतं. मोठ्या कमानीला झेंडूची तोरणं. सर नवा सदरा घालून कमानीत उभे. नातेवाईक मायला हात धरून घेऊन आले. मायनं भिंत पाहिली. मान तिरकी वळवून वर बुरुजाकडे पाहिलं. मग तोरणाची कमान पाहिली, तिच्या शेजारचं लहान दार पाहिलं, आणि कोणी काही म्हणायच्या आत हात सोडवून घेऊन त्या लहान दारानं आत गेली. आत जाऊन अंगणाच्या कोपऱ्यात, बैलांच्या पाण्याच्या दगडी डोणीजवळ, खाली बसली. तिला कोणी सांगावं लागलं नाही. पायच तिकडे गेले.

सर धावत आले. "माय, अटी काऊन बसली? वरते चाल. तुयी जागा वरते हाय."

"नाई बापा. मी अटीच बरी."

"अवं, घर आपलं हाय!"

"असन ना. चांगलं बांधलं." तिनं हातानं अंगणातली काडी उचलून बाजूला केली. "पण हे गढी होय, बाबू. मले समजते गढी."

सगळ्यांनी बोलून पाहिलं. कोणी हात धरला, कोणी समजावलं. ती हसून हात जोडायची आणि तिथेच बसायची. वंदना वर झाली, माय खाली. खीर तिनं डोणीजवळ खाल्ली. सर वर त्या दगडी बैठकीशेजारी उभे होते, आणि त्यांच्या तोंडाकडे मला बघवेना. एवढा इतिहास वाचलेला माणूस, आणि मायला रोज बघत असून त्याला ते लहान दार दिसलं नव्हतं. मला तरी कुठे दिसलं होतं! मी तर फक्त गंमत केली होती.

त्यानंतर माय राहायला आली, पण अंगणातच. पडवीत निजायची, डोणीजवळ जेवायची, अंगण झाडायची. सर शाळेत यायचे, पुस्तक उघडायचे आणि पानात लिहिलंय तेवढंच शिकवायचे. मैदानावर चुना पडला नाही. पोरं मला विचारायची, "बाई, फ्रान्स बंद झाला का?" हेडमास्तरांनाही चैन पडेना. तपासणीला हा माणूस उलट बोलला तरी चालेल, पण असा गप्प नको, असं ते म्हणाले.

मग एक दिवस सर शाळेतच आले नाहीत. संध्याकाळी हेडमास्तर आणि मी बघायला गेलो. बघतो तर काय, मेस्त्री मोठी कमान बुजवत होता! दगडावर दगड, चुना, वरपर्यंत. सर खाली उभे राहून दगड देत होते, आणि मेस्त्री आता काहीच विचारत नव्हता.

"अरे सर, वेडबीड लागलं का तुमाले?" हेडमास्तर ओरडले. "इतकी चांगली कमान!"

"तिकडं बी बुजवत असत सर. लढायांच्या काळात मोठी दारं बंद करत. इतिहासात बसते." हात झटकत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नियम एकच हाय ना बाई. धनी ज्यातून जाते, ते मोठं दार. मी पोराईले दरसाल सांगत राह्यलो, अन मलेच मालूम नव्हतं."

आता आत जायचं तर लहान दारानंच. मी वाकून गेले. माझ्यामागून हेडमास्तर. त्यांचं पोट आधी आलं, मग खांदा, आणि मग वरच्या दगडावर त्यांचं डोकं असं आपटलं की बुरुजावरची कबुतरं उडाली.

माय डोणीजवळून उठली. आधी घाबरली, मग तिनं पदर तोंडाला लावला, आणि मग ती हसायलाच लागली. तिला असं खळखळून हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. "वाका, साहेब, वाका! लहान हाय आमचं दार!" ती तुरतुर पुढे आली, दारातून बाहेर जाऊन परत आत आली, कसं यायचं ते दाखवायला. तिला वाकावं लागलं नाही. तिच्या पाठीला ते दार बरोबर होतं.

हेडमास्तर कपाळ चोळत उभे. मायला वाटलं, एवढा मोठा साहेब अंगणात उभा ठेवला. ती म्हणाली, "वरते बसा ना, साहेब. पाणी आणते."

आता आमच्याकडे पाहुणा घरातल्या माणसाच्या पुढे होऊन आत जात नाही. हेडमास्तर दुकानदाराच्या घरातले, रीत पक्की. ते म्हणाले, "तुमी चाला पुढं, आजी. घर तुमचं. तुमच्याआधी मी कसा जाऊ?"

माय थांबली. पाहुणा उभा, ऊन कलतं, त्याच्या कपाळावर टेंगूळ. तिनं एकदा सरांकडे पाहिलं. सर हातात दगड धरून उभे होते, तो खाली ठेवायचंही त्यांना सुचत नव्हतं. मग मायनं पदर खोचला, आणि "या मंग, या," म्हणत दोन पायऱ्या चढून आत गेली. हेडमास्तर मागून. लांब खोली ओलांडून तिनं जाळाच्या जागेपाशी जाऊन वाकून राख पाहिली, आणि म्हणाली, "चूल तर चांगली केली रे. पण एवढं मोठं घर झाडन कोण?" आणि त्या रुंद बैठकीवर बसली, पाहुण्यालाही शेजारी बसवलं. सर भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले. मीही रडले. शाळा नव्हती ती, म्हणून चाललं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर चुना पडला.

पुढची काही वर्षं माय त्या दाराच्या आतल्या बाजूला बसून राहायची. मंडल कार्यालयातला साहेब असो, कापसाचा व्यापारी असो, नात्यातला नवरदेव असो, सगळ्यांना एकच हाक, "वाका बापा, वाका!" आणि मग स्वतः पुढे होऊन त्यांना वर घेऊन जायची. कपाट आत जाईना म्हणून सरांच्या बायकोनं किती आकांत केला, सरांनी कपाटाचे तुकडे करून आत नेले. सगळे म्हणाले, कमान फोडा. त्यांनी फोडली नाही.

परवा खूप वर्षांनी गेले होते. सर आता निवृत्त, केस पांढरे, पुस्तक अजून तसंच, कव्हर नसलेलं. माय जाऊन बराच काळ झाला. दाराच्या वरच्या दगडावर डोकी घासून घासून एक काळा तेलकट डाग पडला आहे. सर तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवतात, पुस्तकातलं चित्र दाखवावं तसा. "हे पाहा, हे हेडमास्तर. हा मंडल हापिसर. अन तो वरचा, तो जावयाचा."

त्या दिवशी आत जाताना मी दाराशी थांबले. वाकायचं माहीत होतं, पण सवयीनं हाक यायची वाट बघत राहिले. सर मागे उभे होते. त्यांना कळलं असावं. त्यांची पाठही आता मायसारखी वाकली आहे.

"वाका बाई, वाका," ते हळूच म्हणाले. "लहान हाय आमचं दार." आणि माझ्या पुढे होऊन, मान खाली न घालता, आत गेले.